मिशिगनच्या चिकणमातीत फरचं झाड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये नोव्हायजवळ नव्या वसाहतीत घर आहे. बिल्डरने मागच्या अंगणात लावलेला कोलोराडो निळा स्प्रूस गेल्या काही वर्षांत खालून वर वाळत गेला आणि आता काढावाच लागणार. त्या जागी कडाक्याच्या थंडीत तग धरणारं, बारमाही हिरवं फरचं झाड हवं आहे. मागच्या घराकडून आडोसा व्हावा आणि डिसेंबरात त्यावर दिवे सोडता यावेत. कोणता फर घ्यायचा, लावायचा कसा? शिवाय नाशिकच्या अंगणातही असाच एक असावा अशी वडिलांची इच्छा आहे, ते जमेल का?

नाशिकचं शेवटी सांगते, आधी नोव्हायचं बघू.

तुमच्या जागेसाठी मी कॉनकलर फर सुचवेन. पण नर्सरीत जाण्याआधी त्या जागेत एक खड्डा खणून त्यात पाणी ओतून बघा, कारण सगळा निकाल तिथेच लागतो. मी या भागात बरीच वर्षं झाडं लावते आणि आजारी झाडं बघायला जाते. थंडीने मेलेला फर मला इथे क्वचितच दिसतो. जे मेलेले दिसतात ते बहुतेक मुळांशी पाणी साचून गेलेले असतात. लोक झोनचा (हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्यांचा) नकाशा बघतात, उणे किती अंशांपर्यंत टिकेल ते विचारतात, आणि ज्या मातीत ते झाड जन्मभर उभं राहणार तिच्याकडे कोणी बघत नाही. कॉनकलर झोन 3 पर्यंत चालतो, म्हणजे उणे 40 अंश सोसतो (उणे 40 ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच). तुमचा भाग 2023 च्या नकाशात झोन 6 मध्ये, म्हणजे त्याहून उबदार पट्ट्यात आहे. तेव्हा थंडीच्या बाबतीत निर्धास्त राहा.

निळ्या स्प्रूसचं काय झालं तेही समजून घ्या, म्हणजे आपली निगा कमी पडली अशी रुखरुख राहणार नाही. तो मूळचा रॉकी पर्वतातला, कोरड्या हवेत वाढणारा. मिशिगनच्या दमट उन्हाळ्यात त्याच्यावर रायझोस्फेरा नावाची बुरशी येते. यंदा लागण झालेली पानं पुढच्या वर्षी जांभळट तपकिरी होऊन गळतात, आणि खालच्या, आतल्या, हवा न खेळणाऱ्या फांद्या आधी उघड्या पडतात. एकच जात रांगेने लावलेल्या वसाहतींत एकामागून एक झाडं अशीच गेली आहेत. कॉनकलरही पश्चिमेकडच्या डोंगरांतलाच, पण या बुरशीचा त्रास त्याला इथे सहसा होत नाही. आणि तीच निळसर रुपेरी छटा हवी असेल तर फरमध्ये त्याच्याइतकं देखणं झाड मला दुसरं माहीत नाही.

जुन्या बुंध्याच्या नेमक्या जागी नवं झाड बसवू नका. बुंधा यंत्राने भरडला की खड्ड्यात लाकडाचा भुसा आणि मुळांचे तुकडे राहतात. ते कुजताना मातीतलं नत्र खातात आणि पुढे जमीन खचते. निदान सहा-सात फूट बाजूला सरका. बागेत कॉनकलर तीस ते पन्नास फूट उंच होतो आणि घेर वीस फुटांच्या घरात जातो. भिंत, कुंपण, वरच्या तारा यांच्यापासूनचं अंतर त्या हिशेबाने ठेवा. खणण्याआधी 811 वर फोन करा. गॅसची लाइन, विजेच्या केबल कुठून जातात त्याच्या खुणा फुकट करून मिळतात. त्यासाठी कामाचे तीन दिवस हाताशी ठेवा.

आता तो खड्डा. फूटभर खोल, फूटभर रुंद पुरे. खणताना माती हातात घेऊन बघा. नव्या वसाहतीत बिल्डर वरची चांगली माती खरवडून काढतो, खालच्या थरावरून महिनोन्‌महिने अवजड यंत्रं फिरतात, आणि शेवटी चार इंच माती टाकून त्यावर लॉन अंथरलं जातं. त्या चार इंचांखाली फावडं अडखळतं. तिथली माती अंगठ्याने दाबली की तिची लांब पट्टी निघते आणि तुटत नाही, ती चिकणमाती. ती राखाडी असेल, तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके असतील किंवा कुजकट वास येत असेल, तर तिथे वर्षातला बराच काळ पाणी उभं असतं असं समजा. मग खड्डा काठोकाठ भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा, काठावर आडवी काठी ठेवा आणि तासातासाने पातळी मोजा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरली तर जागा चांगली. अर्धा ते एक इंच असेल तर झाड उंचवट्यावर लावायचं. त्याहून कमी असेल किंवा दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर तिथे फर लावूच नका, कोणताही. आडोशासाठी आर्बरव्हिटी लावा. आपल्या मोरपंखीच्या जवळचं हे इथलं झाड ओलसर जमिनीत मजेत राहतं, आणि आडोसा तर फरहून लवकर करतं.

इतका आग्रह का, तर मूळकूज. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव तिचा कर्ता. त्याचे बीजाणू शेपटीवाले असतात आणि मातीतल्या पाण्यातून अक्षरशः पोहत मुळांच्या टोकांपर्यंत जातात. पाणी साचलं की त्यांना वाट मिळते, आणि हवा न मिळाल्याने मूळही तोवर अशक्त झालेलं असतं. वर आपल्याला काय दिसतं? आधी वाढ थबकते, मग रंग फिका पडतो, मग एखादी फांदी टोकापर्यंत विटकरी होते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी घालतात. खोडाच्या तळाशी सालीचा छोटा तुकडा चाकूने उचलून बघितला तर खालचा भाग पांढरट हिरवा असायला हवा. तो दालचिनीच्या रंगाचा झालेला असतो. त्या अवस्थेत घरगुती बागेतलं झाड वाचवणारं औषध माझ्याकडे नाही, आणि त्या जागेत पुन्हा फर लावू नये.

जाती निवडताना म्हणूनच मी आधी मुळांचा विचार करते. नाताळात जो फ्रेझर फर सगळीकडे विकायला असतो तो नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, व्हर्जिनियाच्या डोंगरमाथ्यांवरचा, थंड आणि पाणी न थांबणाऱ्या जमिनीतला. मूळकुजीला तो सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांपैकी आहे. तुमच्या चिकणमातीत तो लावू नका, कितीही सुंदर दिसला तरी. जमीन थोडी जड असेल तर कनेन फरचा विचार करा. वेस्ट व्हर्जिनियातल्या कनेन खोऱ्यावरून त्याचं नाव पडलं. फ्रेझरपेक्षा तो ओल बराच जास्त सोसतो. मात्र त्याला निळी झाक नाही. नॉर्डमन फर कॉकेशसचा, गडद हिरवा, चकचकीत, वाढायला सावकाश. निचरा असेल तर तुमच्याकडे चालेल. जागाच लहान असेल तर कोरियन फर बघा. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हल्लासान डोंगरावरचा हा फर माणसाच्या उंचीचा होण्याआधीच जांभळी-निळी शंकूफळं धरतो, मेणबत्त्यांसारखी उभी. लहान अंगणात त्याच्यासारखी शोभा कुणाचीच नाही, पण तुम्हाला हवा तो आडोसा त्याच्याने होणार नाही.

कॉनकलर घेताना रोप कोणत्या भागातल्या बियांपासूनचं आहे ते विचारा. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातले कमी काटक असतात. कोलोराडो, युटा, न्यू मेक्सिको या रॉकीच्या पट्ट्यातले थंडी जास्त सोसतात आणि निळेही जास्त असतात. उन्हाळ्याचा ताप आणि कोरडेपणा सोसण्यात कॉनकलर बहुतेक फरच्या पुढे आहे. मातीचा सामू (pH) 5.5 ते 6.5 असेल तर उत्तम, थोडा वर असला तरी तो चालवून घेतो. माती तपासायची असेल तर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची घरी मागवायची किट मिळते. ती अवश्य मागवा.

नर्सरीत पाटीवर विसंबू नका, कारण फर म्हणून स्प्रूस हातात पडल्याचं मी पाहिलं आहे. एक पान तोडून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवा. स्प्रूसचं पान चौकोनी असतं, ते फिरतं आणि टोचतं. फरचं चपटं आणि मऊ, ते फिरत नाही. पान गळालेल्या फांदीवरून बोट फिरवा: स्प्रूसची फांदी खरखरीत लागते, फरची गुळगुळीत, नुसते गोल वण असलेली. कॉनकलरची पानं दोन-तीन इंच लांब, वर वळलेली, आणि चुरगाळली की संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. हा वास एकदा घेतला की पुन्हा चूक होत नाही. डग्लस फरपासूनही सावध राहा. नावात फर असला तरी तो खऱ्या फरच्या प्रजातीतला (genus) नाही. त्याची फळं खाली लोंबतात आणि अख्खी गळून पडतात. खऱ्या फरची फळं फांदीवर उभी असतात आणि झाडावरच पाकळी पाकळी सुटून जातात, म्हणून जमिनीवर अख्खं फळ सापडत नाही.

रोप पाच-सहा फुटांचं घ्या, त्याहून मोठं नको. दहा फुटांचं झाड उपटताना त्याची बहुतेक मुळं शेतातच राहतात आणि सावरायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. लहान झाड काही वर्षांत त्याला गाठतं. कुंडीतलं असेल तर कुंडी उतरवून बघू द्या म्हणावं. नाशिकच्या द्राक्षबागेत पांढरी मुळी चालू आहे का हे जसं बघतात तसंच इथे बघायचं: टोकं पांढरी, ठसठशीत असली पाहिजेत. काळी, पिळपिळीत, साल निसटणारी मुळं दिसली तर ते रोप सोडून द्या, किंमत अर्धी केली तरी. अशा कुंडीतून मूळकूज आपण स्वतःच घरी आणतो.

लावण्याची वेळ दोन. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, किंवा एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाल्यापासून कोंब फुटेपर्यंत. तुम्हाला मी पहिली सांगेन. माती उबदार असते, हवा थंड होत जाते, आणि मुळांना जमीन गोठण्याआधी दीड-दोन महिने मिळतात. नोव्हेंबरात सवलतीत मिळतात म्हणून घेऊ नका.

गोणपाटात बांधलेलं झाड आलं की आधी वरचं गोणपाट सोडवून खोडाच्या तळाशी हाताने माती उकरा. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं ती जागा सापडली पाहिजे. ती पुष्कळदा हुंडीत (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात) तीन-चार इंच खाली दबलेली असते, कारण शेतात नांगरट करताना खोडाशी माती चढते. तेवढी माती काढून टाका. ही जागा जमिनीच्या वर राहायला हवी, आणि तुमच्या चिकणमातीत तर हुंडीचा तिसरा हिस्सा जमिनीच्या वर ठेवा. म्हणजे खड्डा हुंडीच्या उंचीपेक्षा उथळ, पण रुंदीला तिच्या दोन ते तीन पट. तळाची माती भुसभुशीत करू नका, नाहीतर झाड खचतं. हुंडी खड्ड्यात बसवल्यावर खोडाची दोरी कापा, तारेची जाळी आणि गोणपाट निदान वरच्या अर्ध्या भागावरून पूर्ण काढा. दोरी राहिली तर काही वर्षांनी ती खोडात रुतते आणि झाड वरून वाळतं.

खड्डा भरताना त्यातूनच निघालेली माती वापरा. कंपोस्ट, पीट, शेणखत काही मिसळू नका. आपल्याकडे खड्डा शेणखताने भरायची रीत आहे, त्यामुळे हे ऐकून कुणालाही चुकल्यासारखं वाटतं. पण चिकणमातीत मऊ मातीचा खड्डा केला की चहूबाजूंचं पाणी त्यात येऊन थांबतं, तो भोक नसलेली कुंडी होतो. कंपोस्ट घालायचंच तर सगळ्या परिसरावर वरून पसरा. जमिनीवर राहिलेल्या हुंडीभोवती चांगल्या मातीचा उतार द्या, आठ-दहा फूट पसरलेला, गादीवाफ्यासारखा. उभ्या कडांचा ढीग करू नका, तो कोरडा पडतो. वर लाकडाच्या चिपांचं तीन इंच आच्छादन घाला आणि खोडापासून ते चार बोटं लांब ठेवा. पहिल्या वर्षी खत अजिबात नको.

पाणी हप्त्याला दहा ते पंधरा गॅलन, सावकाश, हुंडीवर आणि तिच्या भोवती. पाऊस इंचभर झाला असेल तर त्या हप्त्यात द्यायचं नाही. दर वेळी आधी चार इंच खोल बोट घालून बघा. माती वाफशावर आली असेल तरच पाणी, चिकट लागली तर थांबा. लॉनचा फवारा जो रोज पहाटे दहा मिनिटं चालतो, तो त्या कोपऱ्यातला बंद करा. माझ्या पाहण्यात वसाहतींतले फर घालवण्यात या फवाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा आहे: वरचे दोन इंच सतत ओले आणि खाली हवा नाही. लॉनवर तणनाशक मारणाऱ्यांनाही बजावून ठेवा. डायकांबासारखी औषधं मुळांवाटे झाडात शिरतात. 2011 मध्ये इम्प्रेलिस नावाच्या लॉनवरच्या तणनाशकाने अमेरिकेत असंख्य स्प्रूस आणि पाइन वाळले आणि त्याची विक्री थांबवावी लागली. तेव्हापासून मी सूचिपर्णी झाडांभोवतीचं गवत हातानेच काढायला सांगते.

शरद ऋतूत पाणी बंद करू नका. जमीन गोठेपर्यंत, साधारण नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, ओल टिकवा. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन पडतं, वारा सुटतो, पानांतून पाणी जात राहतं, आणि खाली गोठलेल्या जमिनीतून मुळांना थेंब मिळत नाही. मार्चमध्ये नैर्ऋत्येची बाजू तपकिरी दिसते ती त्यामुळे. पहिल्या हिवाळ्यात वाऱ्याच्या बाजूला चार खुंट्या ठोकून गोणपाटाचा पडदा लावा. झाड गुंडाळू नका. तपकिरी दिसलं तरी मेपर्यंत कात्री लावू नका. कोंब जिवंत असले तर नवी पालवी ते झाकून टाकते.

सखल कोपऱ्यात मेमधल्या उशिराच्या हिमाने कोवळे कोंब काळवंडतात. झाड मरत नाही, पण त्या वर्षीची वाढ जाते. चढावरची जागा निवडायला हे आणखी एक कारण.

पहिली दोन-तीन वर्षं काहीच वाढ दिसणार नाही. मुळं पसरत असतात. नंतर वर्षाला फूटभर धरा. छाटणी जवळजवळ लागतच नाही. शेंड्याला हात लावू नका, दोन शेंडे फुटले तर वसंताच्या सुरुवातीला एक काढा. खालच्या फांद्या गवत कापायला आड येतात म्हणून कुणी काढू पाहील, त्याला काढू देऊ नका. फरला जुन्या लाकडातून फुटवा येत नाही, एकदा गेलेली फांदी गेलीच, आणि तुमचा आडोसा तिच्यावरच आहे. हरणांसाठी पहिली काही वर्षं तारेचं कुंपण ठेवा. कोवळी पानं खातात आणि शरदात नर खोडावर शिंगं घासतात. ऑक्टोबरात आतली जुनी पानं पिवळी होऊन गळली तर घाबरू नका, ते दरवर्षीचं आहे. टोकाची पानं पिवळी पडली तर मात्र लगेच बघा. पानांवर बारीक ठिपके दिसले, विशेषतः वसंतात किंवा शरदात, तर फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्या. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

दिवे पहिली दोन वर्षं नकोत, नंतर एलईडीचे, सैल सोडलेले, आणि जानेवारीत काढून घ्यायचे. विसरलेली वायर कोवळ्या फांदीला काचते. मुळांसकट जिवंत ख्रिसमस ट्री घरात ठेवून नंतर लावायचा विचार असेल तर तो हप्त्याहून जास्त घरात ठेवू नका. उबेने कोंब जागे होतात आणि बाहेर नेल्यावर गोठतात. खड्डा नोव्हेंबरातच खणून ठेवावा लागतो आणि त्याची माती गॅरेजमध्ये.

आता नाशिक. वडिलांना स्पष्ट सांगा की तिथे फर जगणार नाही. भारतात फर हिमालयात आहे. हिमाचलात ज्याला तोस म्हणतात तो पिंड्रो फर साधारण 2,000 मीटरच्या वर सुरू होतो, देवदारासोबत आणि त्याहूनही वर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटर आहे आणि नाशिक शहर 600 च्या आसपास. उंचीच्या जोडीला अक्षांशही फार खालचा. फरच्या कोंबांना उमलण्याआधी लांब थंडी लागते, ती नाशिकच्या गार पहाटांनी भागत नाही. एप्रिल-मेची तापलेली जमीन मुळांना सोसत नाही, आणि त्यानंतर पावसाळ्यात पाणी साचतं. मनालीहून आणलेलं रोप वर्ष-दीड वर्ष अंगातल्या साठ्यावर तगतं, एवढंच.

नाशिकच्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून जे मिळतं ते बहुधा अरौकेरिया, पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं झाड. ते तिथे चांगलं वाढतं आणि मजल्यामजल्याने निघालेल्या फांद्यांमुळे वडिलांना हवं तसं दिसेलही. रोप एकाच सरळ शेंड्याचं घ्यायला सांगा, कारण शेंडा मोडला की आकार परत येत नाही. बाजूची फांदी लावून केलेलं रोप आडवंच वाढतं. जमिनीत लावल्यास ते तीन-चार मजले सहज गाठतं, म्हणून घरापासून वीस फूट तरी दूर. अंगण लहान असेल तर मोठ्या कुंडीत ठेवावं. काळी जमीन असेल तर जूनचे पहिले पाऊस झाल्यावर उंचवटा करून लावावं, खोडाशी आळं करू नये, आणि पहिले दोन उन्हाळे दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीची सावली द्यावी.